‘येतं मला’ म्हणणाऱ्या मुलाची परीक्षा

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की आमच्या स्काऊट-गाईड पथकात नवी मुलं येतात आणि पहिल्या दोन-तीन रविवारांतच एक वाक्य हमखास कानावर पडतं: “ताई, हे मला येतं.” कुणी पाच वर्षांचा असल्यापासून दोरीच्या मल्लखांबावर चढत असतो. कुणी सुट्टीत कोकणातल्या आजोळी विहिरीत पोहायला शिकून आलेली असते. कुणाचे वडील रेल्वेत किंवा रिफायनरीत. बदली झाली म्हणून आधीच्या गावातलं द्वितीय सोपान, म्हणजे स्काऊट-गाईडच्या परीक्षांमधली एक पायरी, अर्ध्यावर सोडून आलेलं मूल इथे नव्या स्कार्फची घडी घालत उभं असतं. कुणाला आजीने स्वयंपाक शिकवलेला, कुणाला मामाने गाठी.

मला हे वाक्य ऐकायला आवडतं. बडोदं हे अंगात काहीतरी घेऊन आलेल्या मुलांचं गाव आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर १८८० पासून इथे आहे आणि प्रा. माणिकरावांच्या हाताखाली तिथे माणसं घडली. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत तयार केले ते याच शहरात. अशा गावात स्काऊट-गाईडच्या पथकात येणारं मूल कोरी पाटी घेऊन येत नाही, आणि आपण त्याला कोरी पाटी समजून वागवू नये.

पण त्या वाक्यानंतर बॅज देणारी आपण मोठी माणसं दोन चुका करतो. पहिली चूक मायेची. “अरे वा, येतं ना? छान,” म्हणून वहीत सही करून टाकायची. दुसरी चूक शिस्तीची. “आधीचं काही असो, आमच्याकडचे आठ वर्ग बसावेच लागतील,” असं सांगून ज्याला डोळे मिटून क्लोव्ह हिचची गाठ मारता येते त्याला पुन्हा दोरीचं टोक कसं धरायचं इथपासून सुरू करायला लावायचं. पहिल्या चुकीत मुलाला खोटं चिन्ह मिळतं. दुसऱ्या चुकीत मूल कंटाळून तिसऱ्या रविवारी यायचं बंद होतं, आणि ते का आलं नाही हे आपल्याला कधी कळतही नाही. दोन्ही चुकांत एक गोष्ट राहून जाते. मुलाच्या हातांकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

बाहीवरचा बॅज बघणाऱ्याला एवढंच सांगतो की या मुलाला ही गोष्ट आज करता येते. कुठे शिकलं, कुणाकडून शिकलं, किती तास बसलं, हे त्यात नसतं. हे मनात पक्कं धरलं की बाकीचे बरेच प्रश्न सुटतात. आधी शिकलेलं चालतं का? चालतं. पुन्हा शिकायची सक्ती करायची का? नाही. मग नुसत्या शब्दावर सही करायची का? तीही नाही. पाहायचं, स्वतः, समोर, एकेकाचं.

हे मी शहाणपणाने शिकले नाही. बरीच वर्षं झाली, तेरा वर्षांच्या एका मुलाने पोहण्याच्या उन्हाळी वर्गाचं प्रमाणपत्र आणून दिलं. शिक्का होता, सही होती, ‘उत्तम’ असा शेराही होता. मी वहीत खूण केली. दिवाळीच्या सुट्टीत शिबिराला गेलो, तिथल्या तलावाला उथळ बाजू नव्हती. मुलाने उडी मारली, वर आला, आणि पाय टेकवायला जागा चाचपडू लागला. जागा नव्हती. त्याचा चेहरा कसा बदलला ते मला अजून दिसतं. काठावर दोर घेऊन उभ्या असलेल्या सहकाऱ्याने दोर फेकला, मुलाने तो धरला, आणि सगळं अर्ध्या मिनिटात निभावलं. संध्याकाळी त्याच्याजवळ बसले तेव्हा कळलं की वर्गात तो बऱ्यापैकी पोहायचा, पण कायम पाय टेकतात तेवढ्याच पाण्यात. प्रमाणपत्र खोटं नव्हतं. ते कशाचं आहे हे मी विचारलं नव्हतं. ती चूक सर्वस्वी माझी होती.

आज तर या गावात पाण्याविषयी सैल बोलणं कुणालाच शक्य नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. मुलांना काय येतं याच्या आधी मोठ्यांनी काय तपासलं, हा प्रश्न त्या दिवसाने आपल्यासमोर कायमचा ठेवला आहे. म्हणून पोहण्याची तपासणी फक्त जीवरक्षक हजर असलेल्या तरणतलावात, दुसरा मोठा माणूस काठावर दोर किंवा बांबू घेऊन उभा असताना. कुठल्याही तलावात, धरणात नाही, आणि मगरींच्या विश्वामित्री नदीत तर नाहीच. खोल बाजूला उतरायचं, सांगितलेलं अंतर न थांबता पोहायचं, मध्येच वळून परत यायचं, आणि शेवटी दमलेलं असताना पाठीवर एक मिनिट शांत तरंगायचं. मला विचाराल तर हे शेवटचं मिनिट सगळ्यात बोलकं. घाबरलेलं मूल पोहून जाईल, पण तरंगू शकणार नाही.

आता एकेक पायरी पाहू.

सुरुवात गप्पांनी करावी. “कुठे शिकलास?” हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. त्याच्यापेक्षा उपयोगी प्रश्न दुसरा: “शेवटचं कधी केलंस?” तीन वर्षांपूर्वी शिबिरात तंबू उभारला होता आणि परवाच्या रविवारी गच्चीवर उभारला, या दोन उत्तरांत सगळी तपासणी कुठून सुरू करायची ते ठरतं. मग विचारावं, “करताना कुठे अडलं होतं का?” ज्याने खरोखर केलेलं असतं त्याला अडचण आठवते. चूल पेटताना धूर झाला, पोळी एका बाजूला जाड राहिली, नकाशा उलटा धरला गेला. ज्याने नुसतं पाहिलेलं असतं त्याच्या गोष्टीत काहीच बिघडत नाही. पण यावरून निकाल देऊ नये. ही फक्त दिशा. लाजरी मुलं गप्पांत नापास होतात आणि दोरी हातात दिली की सरळ काम करतात.

त्यानंतर अभ्यासक्रम उघडून त्यातलं क्रियापद वाचावं. हे मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते, कारण अर्धे वाद इथेच होतात. ‘माहिती सांगा’ असं लिहिलं असेल तर सांगितलं की झालं. करून दाखव म्हणून अडवायचं नाही. ‘करून दाखवा’ असेल तर कितीही सुंदर सांगितलं तरी ते पुरत नाही. ‘तयार करा’ असेल तर तयार झालेली वस्तू समोर हवी, आणि ‘इतके दिवस करा’ असेल तर दिवस हवेत. आपल्या पदरचं वाढवायचं नाही, मुलगा हुशार आहे म्हणून कमीही करायचं नाही. आपल्याला एखादी जास्तीची गाठ फार आवडते म्हणून ती सगळ्यांना मारायला लावणं हा मुलांवर अन्याय आहे. ती आवडीने शिकवा, पण बॅजच्या हिशेबात धरू नका.

या ‘इतके दिवस’वाल्या अटींबाबत एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. कौशल्य आज तपासता येतं. घालवलेला काळ आज तपासता येत नाही. महिनाभर रोज व्यायाम केला, पक्ष्यांची नोंद ठेवली, शिबिरात रात्री काढल्या, हे मुलगा आपल्यासमोर पुन्हा करून दाखवू शकत नाही. तिथे लॉगबुक, जुन्या पथकप्रमुखाशी फोनवर बोलणं, आईवडिलांचा शब्द, एखादा फोटो यांवर विश्वास टाकावा लागतो, आणि तो मोकळ्या मनाने टाकावा. आईवडिलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. “रोज सकाळी उठून करायचा का हो?” एवढं विचारलं तरी पुरतं. आई हसून “सुरुवातीचे चार दिवस मीच उठवायचे” म्हणाली की मला तेवढ्यात सगळं कळतं.

कौशल्याची तपासणी मात्र एकेकट्याची. आपल्या शाळांतून मुलांना एका सुरात उत्तर द्यायची सवय लागलेली असते. वीस जणांसमोर “रीफ नॉट कशासाठी?” विचारलं की “बँडेज बांधायला!” असा गजर होतो आणि त्यातल्या सहा जणांना ठाऊक असतं. बाकीची चौदा गजरात वाहून जातात. मी पाच-सहा मुलांना अर्धगोल बसवते, सगळ्यांच्या हातात दोरी देते आणि सांगते, “आपापली मारा, शेजाऱ्याची बघायची नाही, झाली की जमिनीवर ठेवा.” मग एकेकासमोर जाऊन बसते. मूल पाय पसरून बसलेलं आणि आपण उभं राहून वरून बघायचं, यात मुलाचे हात थरथरतात. जमिनीवर बसावं.

रीफ नॉट आणि तिची चुकीची जुळी बहीण ग्रॅनी नॉट, या दोन गाठी लांबून सारख्या दिसतात. जवळून बघितलं की रीफ सपाट बसते आणि तिची दोन्ही टोकं आपापल्या दोरीला चिकटून, समांतर निघतात. ग्रॅनीची टोकं आडवी बाहेर येतात आणि ओढली की ती सरकते. मूल बरोबर मारतं की नाही हे बघायला वेळ लागत नाही. पण मी तिथे थांबत नाही. दोरी बदलते. सुताच्या दोरीवर शिकलेल्याला नायलॉनची देते, कोरडीवर शिकलेल्याला ओली. मग म्हणते, “आता शेजारच्या मैत्रिणीच्या कोपराला त्रिकोणी पट्टी बांध, याच गाठीने.” टेबलावर पन्नास वेळा मारलेली गाठ माणसाच्या अंगावर, उलट्या बाजूने मारायची वेळ आली की कळतं, गाठ बोटांत आहे की पुस्तकात. हा मुलाला पकडण्याचा डाव नाही, हे त्याला आधीच सांगून टाकावं: “तुला येतं हे मला दिसलं. आता वेगळ्या ठिकाणी जमतं का ते दोघं मिळून बघू.” आणि याच गाठीवर वजन लटकवायचं नाही, दोन दोर जोडून त्याला माणूस टांगायचा नाही, हे मुलाने स्वतःहून सांगितलं तर त्याला खरंच समजलेलं आहे.

पुस्तकातून शिकलेलं आणि जगून शिकलेलं यांतला फरक मला सगळ्यात लख्ख दिसला तो दिशा ओळखताना. एक हुशार मुलगा सांगत होता, “काठी रोवायची. दुपारी बारा वाजता सावली उत्तरेला पडते.” पाठ पक्कं होतं. मी त्याला मैदानावर नेलं आणि दोन प्रश्न विचारले. बाराला म्हणजे कुणाच्या घड्याळात? आपलं बडोदं प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबारा ते पाऊणच्या सुमारास, ऋतूप्रमाणे थोडं मागेपुढे. दुसरा प्रश्न, जूनमध्ये काय होतं? बडोदं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण २२.३ अक्षांशावर. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर मध्यान्ही सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. सावली अगदी बोटभर, आणि तीही दक्षिणेला. मुलाचे डोळे विस्फारले. त्याला मी नापास केलं नाही. म्हटलं, “येत्या रविवारी घरच्या गच्चीवर काठी रोव, बारापासून सव्वा वाजेपर्यंत दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण कर, आणि सगळ्यात आखूड सावली कधी होती ते लिहून आण.” ते डिसेंबरातले दिवस होते. तो कागद घेऊन आला तेव्हा त्यावर सात-आठ ठिपके, एक रेघ आणि शेजारी स्वतःची टिपणी होती की शेजारच्या टाकीची सावली मध्ये आली म्हणून एक खूण चुकली असावी. मी लगेच सही केली. रात्रीच्या आकाशाचंही तसंच. ध्रुव तारा दाखव म्हटलं की मुलं सप्तर्षींवरून बोट नेतात, आणि ते बरोबरच. पण मी विचारते, “किती उंचीवर?” हात लांब करून मूठ धरली की साधारण १० अंश होतात, बडोद्यात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या जरा वर. ज्याने पाहिलेला असतो तो मुठी मोजायला लागतो.

आता उलट बाजू. मुलाला आपल्यापेक्षा जास्त येत असेल तर? पायोनियर बॅजसाठी एक मुलगी आली. वडिलांचा मंडपाचा धंदा. ‘स्क्वेअर लॅशिंग’ हा शब्द तिने आयुष्यात ऐकला नव्हता. मी दोन बांबू आडवे-उभे ठेवले आणि म्हटलं, “हे बांध, कसं बांधशील तसं.” तिने पिशवीतून काथ्याची गुंडी काढली, आधी बादलीत बुडवली. “भिजवला की नरम पडतो, हाताला कापत नाही.” मग गुडघा बांबूवर रोवून, दाताने टोक धरून, तिने असे फेरे घेतले की मला मोजता येईनात. शेवटी एक पीळ देऊन टोक आत खुपसलं आणि बांबू माझ्याकडे सरकवला. मी पूर्ण जोर लावून हलवून पाहिला. हलला नाही. तिची पद्धत अभ्यासक्रमातली नव्हती. सुरुवातीची क्लोव्ह हिच नव्हती, दोन बांबूंच्या मधून घालायचे आवळ फेरे वेगळ्या तऱ्हेचे होते.

इथे परीक्षकाने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. काम होतं का? सुरक्षित आहे का? आणि अभ्यासक्रमाने ठरावीक रीतीचा आग्रह धरला आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल आणि तिसऱ्याचं नकारार्थी, तर वेगळं म्हणजे चूक नव्हे, सही करावी. इथे नाव घेऊन लॅशिंग मागितलेलं होतं. म्हणून मी तिला सांगितलं, “तुझं बांधकाम माझ्यापेक्षा पक्कं आहे. पुस्तकात याच कामाची दुसरी रीत दिली आहे, तीही येऊ दे.” दहा मिनिटांत तिने ती उचलली, आणि वर विचारलं, “ताई, यात दोर जास्त लागतो ना?” तिला पुन्हा पहिल्या वर्गापासून बसवलं असतं तर हा प्रश्न मला ऐकायला मिळाला नसता. पुढच्या महिन्यात तिनेच धाकट्या मुलींना काथ्या भिजवायला शिकवलं. तसं बघितलं तर तपासणीची सगळ्यात चांगली रीत हीच आहे: ज्याला येतं असं म्हणतो त्याला लहानग्याला शिकवायला लावा, आणि आपण दोन हात लांब गप्प बसा. शिकवताना कुठे अडखळतो, कुठे ‘हे असंच असतं’ म्हणून पुढे जातो, ते सगळं उघडं पडतं.

त्या मुलीच्या गोष्टीत भाषेचाही मुद्दा आहे. आमच्या पथकात घरी मराठी, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी, गल्लीत हिंदी असं असतं. कवायतीच्या आज्ञा हिंदीत आणण्याचं श्रेय माणिकरावांना दिलं जातं. त्यांच्यापुढे हाच प्रश्न असणार की तालमीत उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळेल असं कसं बोलायचं. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, त्रिभुवनदास गज्जरांच्या पुढाकाराने कलाभवन सुरू झालं, तेव्हाही तांत्रिक शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं हाच आग्रह होता. आपण तर साधे बॅज तपासणारे. मुलाने गाठीला वडिलांच्या धंद्यातलं नाव सांगितलं, भाजलेल्या जखमेला गुजरातीतला शब्द वापरला, तर ते उत्तर पुरं धरावं. कौशल्य तपासायचं असेल तर शब्दसंग्रह तपासू नये. इंग्रजी नाव नंतर सांगावं, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या परीक्षकापुढे ते अडणार नाही.

सगळ्यात जास्त सावध राहायचं ते प्रथमोपचारात. इथे दोन अडचणी एकत्र येतात. हात विसरतात, आणि शास्त्रही बदलतं. एखाद्या मुलाने चार वर्षांपूर्वी सीपीआर शिकलेला असतो, आणि त्याला शिकवणाऱ्याने वीस वर्षांपूर्वी. जुन्या शिकवणीत आधी तोंडाने श्वास आणि मग छातीवर दाब असा क्रम असे. २०१० पासून मोठ्या माणसासाठी आधी छातीवर दाब, असा क्रम सर्वसाधारणपणे सांगितला जातो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २ श्वास. बुडालेल्या माणसाचं प्रकरण वेगळं, तिथे श्वासाला पहिलं महत्त्व. हा फरक पोहण्याचा बॅज तपासणाऱ्यांनी विचारलाच पाहिजे. हे पाठ म्हणून दाखवणं पुरत नाही. पुतळ्यावर, म्हणजे मॅनिकिनवर, दोन मिनिटं न थांबता करायला लावा. बहुतेक मुलं दीड मिनिटात थकतात आणि दाब उथळ होतो, ते त्यांना स्वतःला जाणवू द्या. जिवंत माणसाच्या छातीवर सराव कधीही नाही. मॅनिकिन नसेल तर रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सच्या प्रशिक्षण वर्गाशी जोडून घ्या, आणि ते होईपर्यंत सही थांबवा.

घरून आलेलं ज्ञान इथे नाजूकपणे हाताळावं लागतं. साप चावला तर वर दोरी आवळून बांधायची आणि ब्लेडने चीर द्यायची, असं आजोबांनी सांगितलेलं असतं. भाजलं तर टूथपेस्ट, असं शेजारच्या काकूंनी. मुलासमोर “कुणी शिकवलं हे तुला?” असं तिरसटपणे विचारलं की मूल आजोबांना वाचवायला गप्प बसतं आणि चुकीची गोष्ट डोक्यात तशीच राहते. मी म्हणते, “आजोबांच्या वेळच्या पुस्तकांतही तेच छापलेलं असायचं. नंतर डॉक्टरांना कळलं की आवळून बांधल्याने पाय जायची वेळ येते.” मग आताची रीत: माणसाला हलू न देता, धीर देत, चावलेला अवयव स्थिर ठेवून, १०८ ला फोन करून लवकरात लवकर रुग्णालय. भाजलं तर थंड, वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही. आणि शेवटी सांगायचं, “घरी जाऊन आजोबांनाही सांग, मी सांगितलं म्हणून.” उत्तरायणात पतंगाच्या मांजाने कापल्यावर स्वच्छ कापडाने दाब धरून ठेवायचा, हे तर आपल्याकडे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. १४ जानेवारीच्या आधीचा रविवार मी त्यासाठीच राखून ठेवते.

किती नेमकेपणा मागायचा, हा प्रश्न शिक्षक मला नेहमी विचारतात. बेडन-पॉवेल यांचं मत असं होतं की बॅज देताना कामाच्या दर्जापेक्षा त्या मुलाने घेतलेली मेहनत पाहावी. मला ते पटतं, आणि एका जागी पटत नाही. हस्तकला, बागकाम, स्वयंपाक, संगीत इथे मेहनतीला मान द्यावा. ज्या मुलाच्या हातात जन्मतः कंप आहे त्याची वाकडी टोपली दुसऱ्याच्या सरळ टोपलीपेक्षा मोठी असते. पण पोहणं, जीव वाचवणं, प्रथमोपचार, आग यांत दुसऱ्याचा जीव बॅजवाल्याच्या भरवशावर असतो. तिथे मेहनतीचं कौतुक तोंडाने करावं, आणि सही मात्र काम जमल्यावरच.

जमलं नाही तर काय सांगायचं? “नापास” हा शब्द माझ्या वहीत नाही. “अजून नाही” असं म्हणावं, आणि लगेच नेमकं काय राहिलं तेवढंच सांगावं. “सरावाची गरज आहे” या वाक्याने मुलाला काहीच कळत नाही. “पाठीवर तरंगताना तू मान वर उचलतोस, म्हणून पाय खाली जातात, कान पाण्यात राहू देत,” याने कळतं. जेवढं झालं तेवढ्यावर त्याच दिवशी सही करावी आणि पुढच्या वेळी फक्त उरलेलं पाहावं. झालेलं पुन्हा तपासून मुलाला दमवू नये. आणि तारीख ठरवून द्यावी. “कधीतरी ये” म्हटलेलं मूल येत नाही.

कुणाही मुलाची तपासणी बंद खोलीत एकट्याने करायची नाही, एवढं इथे सांगून ठेवते. दार उघडं, दुसरा मोठा माणूस नजरेच्या टप्प्यात, पालकांना बसायचं असेल तर बाक. यात मुलाची सुरक्षा आहे आणि आपलीही.

राहिली वही. तारीख, काय पाहिलं, कशावर पाहिलं, काय उरलं, एवढ्या चार गोष्टी दोन ओळींत बसतात: ‘रीफ नॉट, ओली सुती दोरी, मैत्रिणीच्या हातावर पट्टी, बरोबर. शीट बेंडमध्ये जाड दोराचा लूप करायचा विसरते, पुढच्या रविवारी.’ मूल पुढे दुसऱ्या शहरात गेलं तर तिथल्या शिक्षकाला आपल्या सहीपेक्षा या दोन ओळी जास्त उपयोगी पडतात. तो त्यावर विसंबेलच असं नाही, विसंबूही नये, पण कुठून सुरुवात करायची ते त्याला कळेल.

त्या शिबिरातल्या मुलाचं पान अजून माझ्या जुन्या वहीत आहे. परत आल्यावर तो महापालिकेच्या तरणतलावावर सकाळी जाऊ लागला, आधी खोल बाजूची शिडी धरून, मग शिडी सोडून. फेब्रुवारीत एका रविवारी त्याने स्वतःच बोलावलं. पोहला, वळला, परत आला, आणि मग पाठीवर झाला. मी घड्याळ बघत होते. एक मिनिट झालं तरी तो उठेना, कान पाण्यात होते म्हणून माझी हाक त्याला ऐकूच जात नव्हती. बाहेर आल्यावर त्याने वही मागितली, पूर्वीच्या माझ्या खुणेवर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, ही खोडू का?” मी म्हटलं, राहू दे, शेजारी आजची तारीख लिही. त्याच्या ओल्या हाताने त्या ओळीची शाई जराशी फुटली आहे.